वर्षानुवर्षं उभी असलेली बुलेट: आधी तेलाची वाट

नाशिक जिल्ह्यात निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या वस्त्यांवर आजही जुन्या ३५० सीसीच्या बुलेट मोटरसायकली सापडतात. कुठे कांद्याच्या चाळीच्या टोकाला, कुठे द्राक्षबागेच्या औषधांच्या खोलीत, कुठे विहिरीवरच्या पंपाच्या शेडमध्ये. वरती पोती, ठिबकच्या नळ्या आणि धुळीचा थर. चाकं जमिनीत रुतलेली. अशी गाडी बाहेर ओढली की अंगणात जमलेल्यांपैकी पहिला माणूस हमखास म्हणतो, "मारून बघ ना एक किक!"

ती किक मारू नका. इंजिन वीस वर्षं उभं राहून जेवढं खराब होत नाही, तेवढं त्या पाच मिनिटांत होऊ शकतं.

इथे लिहिलेलं सगळं जुन्या, कास्ट आयर्न बॅरलच्या (म्हणजे बिडाच्या सिलिंडरच्या) ३५० सीसी बुलेटबद्दल आहे. १९५५ पासून मद्रासला जुळणी सुरू झाली आणि पुढे कित्येक दशकं जवळपास त्याच आराखड्यावर बनत राहिली, ती ही गाडी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिमी, ३४६ सीसी. अल्युमिनियमचं हेड, व्हॉल्व्ह उघडायला लांब पुशरॉड, डाव्या पायाला ब्रेक आणि उजव्या पायाला गिअर. या इंजिनाचं एकच मर्म आहे: त्याचं आयुष्य तेलाच्या वाटेवर अवलंबून असतं. रंग, क्रोम, टाकीवरच्या सोनेरी रेघा हे सगळं नंतर. आधी तेलाच्या टाकीतून निघालेलं तेल खाली क्रँकपिनपर्यंत (क्रँक आणि कॉनरॉड जोडणारी पिन) आणि वर रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणारे हात) पोचतं का, हे बघायचं.

किक का मारायची नाही, ते आधी सांगतो. उभ्या गाडीत तीन गोष्टी घडलेल्या असतात. रिंगा आणि बोअर यांच्यामध्ये गंज धरलेला असतो. एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटलेला असतो, बहुतेक वेळा एक्झॉस्टचा. आणि बिग एंडच्या, म्हणजे कॉनरॉडच्या खालच्या टोकाच्या, बुशभोवतीचं तेल कधीच ओघळून गेलेलं असतं, मागे राहतो तो डांबरासारखा गाळ. जोरात किक मारली की रिंग तुटते, चिकटलेल्या व्हॉल्व्हवर पुशरॉड वाकतो, नाहीतर कोरड्या बुशवर क्रँकपिन घासली जाते. शिवाय अडकलेल्या इंजिनावर सगळं वजन टाकून किक मारल्याने किकचे दाते आणि गिअरबॉक्सचं कव्हर तुटल्याची उदाहरणं गॅरेजात भरपूर दिसतात. ढकलस्टार्ट किंवा ट्रॅक्टरला बांधून ओढणं याचा तर विचारही नको.

त्याऐवजी प्लग काढा. डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) समप्रमाणात मिसळून साधारण ४० मिली प्लगच्या भोकातून सोडा. रॉकरची कव्हरं उघडून व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही थोडं टाका. तीन-चार दिवस तसंच राहू द्या, रोज थोडं वाढवा. मग गाडी मुख्य स्टँडवर, टॉप गिअर, आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवा. बोटभर हललं तरी काम झालं म्हणायचं; त्याच बोटभर अंतरात दहा-वीस वेळा झुलवत राहा, आपोआप वाढत जातं. आठवड्यात अजिबात हललं नाही तर हेड काढायचं. पिस्टनच्या वर बोअरमध्ये गंजाचं कडं दिसेल. ते आधी बारीक पॉलिश पेपरने काढून टाका, मगच लाकडी ठोकळा ठेवून पिस्टन खाली ठोका. कडं तसंच ठेवून पिस्टन वर ओढला तर रिंगांच्या खोबणी फुटतात.

गाडी कुठे उभी होती, हे विचारून घ्यायला विसरू नका. आपल्या भागात ते फार महत्त्वाचं आहे. औषधांच्या खोलीत भुरीसाठीची गंधकाची भुकटी आणि बोर्डोसाठीचं मोरचूद ठेवलेलं असतं. पावसाळ्यात हवा दमट झाली की गंधकाने तांब्याच्या तारा आणि पॉइंट काळे पडतात. मोरचूद अल्युमिनियमवर पडलं तर तांबं त्यावर बसतं आणि ओलाव्यात छोट्या बॅटरीसारखी क्रिया सुरू होऊन धातूला खड्डे पडतात. अशा गाडीच्या कार्बोरेटरच्या बॉडीवर आणि टायमिंग कव्हरच्या कडांवर पांढरट-हिरवट चट्टे दिसतात. गॅस्केट जिथे बसतं तिथे खड्डा असेल तर ते कव्हर कितीही सीलंट लावलं तरी गळणार. कांद्याच्या चाळीत हवा खेळती असते, तिथली इंजिनं त्या मानाने बरी निघतात, पण एअर फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं आणि सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने बांधलेली मातीची घरं असतात. ती माती इंजिनात गेली तर तिचं काम ग्राइंडिंग पेस्टसारखंच. इगतपुरी, त्र्यंबककडची गाडी असेल तर बोअरमध्ये गंज ठरलेलाच समजा.

खर्चाला हात घालण्याआधी आरसी बुकवरचा नंबर आणि क्रँककेसवर ठोकलेला इंजिन नंबर जुळतात का ते बघा. आणि पुढे बफिंगला केस देताना त्या नंबरावर टेप लावून द्या. बफिंगवाला चकचकीत करण्याच्या नादात नंबर पुसट करतो आणि मग आरटीओत उत्तर देता देता नाकीनऊ येतात.

खोलताना

या इंजिनावर बरेच आटे जुन्या इंग्रजी मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो, आणि तोच घात करतो: नटाचे कोपरे गोल होतात. विटवर्थ मापाच्या पान्यांचा आणि बॉक्सचा एक सेट आधी मिळवा, जुना चालेल. गंजलेल्या नटाला रस्ट स्प्रे मारून रात्रभर ठेवा, सकाळी हातोडीने टोकावर हलके ठोके द्या, मग आधी थोडा आवळून नंतर सोडा. टायमिंग कव्हरच्या स्क्रूंना इम्पॅक्ट ड्रायव्हरच हवा.

तेल काढताना मोजून काढा. बुलेटची तेलाची टाकी क्रँककेसच्याच ओतीव भागात मागच्या बाजूला आहे आणि तिच्यात साधारण सव्वादोन लिटर बसतं. गाडी उभी राहिली की हे तेल हळूहळू पंपातून झिरपून खाली क्रँकच्या पोकळीत उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस म्हणतो तेलच नाही, आणि वरून आणखी दोन लिटर ओततो. मग सुरू केल्यावर ब्रीदरमधून तेलाचा फवारा आणि रस्ताभर निळा धूर. म्हणून टाकीचा आणि क्रँकच्या पोकळीचा, दोन्ही ड्रेन नट उघडा. निघालेलं तेल पांढऱ्या ताटात ओता. दुधट असेल तर पाणी गेलंय. चकाकणारी पितळी किंवा पांढरट भुकटी दिसली तर बुश गेली, खालचं इंजिन उघडावंच लागेल.

खरं सांगायचं तर पंधरा-वीस वर्षं उभी असलेल्या गाडीचं खालचं इंजिन उघडावंच, असं माझं ठाम मत आहे. "वरून बोअर-पिस्टन करू, खालचं चांगलं वाटतंय" हा सल्ला स्वस्त वाटतो. पण आजच्या तेलात गाळ धुऊन काढणारी रसायनं असतात. फ्लायव्हीलच्या आत, क्रँकपिनच्या भोकात वर्षानुवर्षं साचलेला गाळ नवं तेल सुटा करतं आणि तो नेमका बुशकडे जातो. नव्या पिस्टनसकट इंजिन काही शे किलोमीटरमध्ये ठोकायला लागतं.

रॉकर, पुशरॉड काढताना इनलेट आणि एक्झॉस्टच्या पिशव्या वेगळ्या करा, चिठ्ठी लावा. बॅरल उचलण्याआधी टॅपेटच्या खिडकीतला नट काढायला विसरू नका. तो न दिसल्याने बॅरलखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटणारे लोक फिन तोडतात आणि केसचा चेहराही खराब करतात. टायमिंग गिअर काढण्याआधी पिस्टन वर आणून खुणा जुळवा आणि फोटो काढा. गिअरवर टिंब आणि रेघा आहेत. त्या कुठे जुळत होत्या ते जुळवणीच्या वेळी आठवत नाही. टायमिंगच्या पिनियनला धरून ठेवणारा, पंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्यांचा आहे. तो नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर आणखी आवळला जाईल, आणि जोर लावलात तर तुटेल.

तेल कुठून कुठे जातं

टायमिंग कव्हरमध्ये खाली दोन पंप आहेत, एक तेल ढकलणारा, एक परत ओढणारा. ढकलणारा पंप टाकीतून तेल घेतो, ते नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) फिल्टरमधून जातं आणि क्रँकच्या उजव्या टोकातून आत शिरून क्रँकपिनला पोचतं. परत ओढणारा पंप जास्त ताकदीचा असतो. तो क्रँकच्या पोकळीत पडलेलं तेल गोळा करून टाकीकडे पाठवतो, आणि त्याच वाटेवरून बाहेरच्या नळ्यांनी रॉकरला तेल मिळतं. एवढं समजलं की बुलेटचे निम्मे आजार समजतात.

या वाटेवरची सगळ्यात नाजूक जागा म्हणजे टायमिंग कव्हरच्या आत, क्रँकच्या टोकावर बसणारं छोटं सील. जुन्या गाड्यांत बुचाचं, नंतर रबराचं. वीस वर्षांत ते कडक होतं, आक्रसतं, किंवा मागच्या मेकॅनिकने बसवलेलंच नसतं. मग तेल क्रँकमध्ये शिरण्याऐवजी कव्हरच्या आतच सांडतं. बाहेर एक थेंब दिसत नाही, टाकीत तेल बरोबर, रॉकरलाही तेल येतंय, आणि बिग एंड मात्र उपाशी. काही रुपयांच्या या सीलपायी कितीतरी क्रँक वाया जातात. कव्हर जितक्या वेळा उघडाल, तितक्या वेळा हे सील नवं घाला, आणि कव्हर लावताना ते दुमडलं जात नाही याची खात्री करा.

पंपाच्या चकत्या स्प्रिंगच्या दाबाने कव्हरच्या चेहऱ्यावर फिरतात. चेहऱ्यावर नखाला लागेल असा ओरखडा असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि गाडी उभी असताना तेल तिथूनच खाली उतरतं. जाड काचेवर सर्वांत बारीक व्हॉल्व्ह पेस्ट घेऊन चकती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवत घासा, मग कव्हरच्या जागेवर तशीच हलक्या हाताने जुळवा. संपूर्ण चेहरा एकसारखा राखाडी दिसला की थांबा. नंतर पेस्टचा कणही राहता कामा नये. फिल्टरच्या खोलीतली स्प्रिंग, टोपी आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. क्रम चुकला तर नवा फिल्टरच वाट अडवतो.

आता क्रँक. कॉनरॉड वर आणून दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढा-ढकला. आधी डिझेलने तेल धुवून घ्या, कारण घट्ट तेल ढिलाई लपवतं. वर-खाली जरासाही टक लागला तर काम आहे. आडवी थोडी हालचाल असतेच, तिला घाबरू नका. या इंजिनात मूळची बिग एंड म्हणजे तरंगती बुश आहे, रोलर नाही. आजकाल बहुतेक जण रोलर बेअरिंगचा किट टाकतात. त्यावर वाद पुष्कळ होतात. बुश शांत चालते आणि वेळेवर तेल बदललं तर पुष्कळ टिकते. तेलाचा दाब थोडा कमी पडला तर मात्र लगेच बसते. जो माणूस दर २,००० किलोमीटरला तेल बदलणार नाही, त्याने रोलर टाकावा. काहीही टाकलं तरी क्रँकपिन आणि फ्लायव्हीलमधली तेलाची भोकं तारेने मोकळी करून, हवा मारून, तेलाच्या पिचकारीने पलीकडून तेल निघतं का हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय क्रँक जोडू देऊ नका.

क्रँक जोडणं हे घरचं काम नाही. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत क्रँकचं आणि बोअरिंगचं जॉबवर्क करणारे जुने टर्नर आहेत. तिथे देताना एवढंच सांगा: दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजवर दोन्ही शाफ्ट २ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.०५ मिमीच्या आत हवेत. आणि आणायला जाल तेव्हा डायल लावून दाखवायला सांगा. चांगल्या कारागिराला याचा राग येत नाही, उलट आनंद होतो. केसमध्ये बेअरिंग बसवताना केस साधारण १०० अंशांपर्यंत तापवा. पाण्याचा थेंब टाकला की चर्र होऊन उडाला, एवढी खूण पुरे. बेअरिंग आपल्या वजनाने आत पडलं पाहिजे. थंड केसमध्ये ठोकून बसवलेलं बेअरिंग जागा सैल करून ठेवतं.

बोअर, पिस्टन, हेड

बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांना मोजा: रिंग जिथपर्यंत येते तिथे सर्वांत जास्त झीज असते. मूळच्या मापापेक्षा ८ थाऊ, म्हणजे ०.२ मिमीच्या पुढे झीज गेली, किंवा गंजाचे खड्डे होनिंगने जात नसतील, तर पुढचा ओव्हरसाइज, म्हणजे थोड्या मोठ्या मापाचा पिस्टन. २० थाऊ, नंतर ४०. महत्त्वाची गोष्ट ही की आधी पिस्टन आणा, मग बोअर करायला द्या. डब्यावर लिहिलेल्या मापावर बोअर करू नये. हातातला पिस्टन स्कर्टच्या खालच्या बाजूला, पिनच्या काटकोनात मोजायचा आणि त्यात साधारण ४ थाऊ, म्हणजे ०.१० मिमी मोकळीक धरायची. आधुनिक गाड्यांच्या सवयीने काही जण दोन थाऊ ठेवतात. कास्ट आयर्नचं बॅरल आणि हवेवर थंड होणारं इंजिन, त्यात एप्रिल-मेचं ऊन. असा पिस्टन पहिल्याच चढावर धरतो. बोअरिंगमध्ये शेवटचे दोन थाऊ ठेवून ते होनिंगने काढायला सांगा, एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी दिसली पाहिजे. रिंगांसाठी तेल धरून ठेवते ती हीच जाळी.

होनिंगहून आलेलं बॅरल डिझेलने नव्हे, गरम पाणी आणि कपड्याच्या साबणाने घासून धुवा. डिझेल दगडाची भुकटी हलवत नाही, नुसती पसरवतं. पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं, मग लगेच कोरडं करून तेलाचा हात फिरवायचा, नाहीतर अर्ध्या तासात तांबूस गंज येतो.

प्रत्येक रिंग एकटी बोअरमध्ये घालून पिस्टनने सरळ ढकला आणि तोंडातलं अंतर फीलरने मोजा: ०.२८ ते ०.३८ मिमी. कमी असेल तर बारीक कानशीने घासून वाढवा. शून्य अंतराची रिंग गरम झाली की टोकाला टोक लागून बोअर ओरबाडते. पिस्टन पिनची सर्कलिप नेहमी नवीच. बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायला विसरू नका. आत पडलेली सर्कलिप शोधायला पुन्हा सगळं उघडावं लागतं.

हेडमध्ये सीट आणि व्हॉल्व्ह पेस्टने घासल्यावर पोर्टमध्ये पेट्रोल ओतून दहा मिनिटं ठेवा. व्हॉल्व्हच्या कडेला ओल आली नाही पाहिजे. गाइडमध्ये व्हॉल्व्ह डुगडुगत असेल तर सीट कितीही घासा, ती टिकणार नाही, आधी गाइड बदला. डीकॉम्प्रेसरचा (किक सोपी जावी म्हणून कॉम्प्रेशन सोडणारा) छोटा व्हॉल्व्ह लोक विसरतात. त्याच्या सीटवर कार्बन अडकला की कॉम्प्रेशन कायम थोडं गळतं आणि माणूस रिंगा बदलत बसतो.

जुळवणी

केसच्या दोन भागांत कागदी गॅस्केट नाही, सीलंटच लागतं. ते अगदी पातळ, बोटाने पुसल्यासारखं लावा. जाड सिलिकॉन लावणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. दाबल्यावर ते आतल्या बाजूला शेवयांसारखं बाहेर येतं, तुटतं आणि तेलाबरोबर फिरत फिरत पंपाच्या तोंडाशी किंवा रॉकरच्या नळीत जाऊन बसतं. एवढी साफ केलेली वाट आपणच बुजवायची!

डाव्या केसवरचा ब्रीदर तपासा. बदकाच्या चोचीसारखं रबर असेल तर नवं घाला. त्याने हवा फक्त बाहेर जाऊ द्यायची, आत नाही. ते चिकटलं की केसमध्ये दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या सांध्यातून बाहेर पडतं. "बुलेट आहे म्हणजे गळणारच" असं म्हणतात, त्यातल्या बऱ्याच गळत्यांचं मूळ इथे असतं.

पुशरॉडची सेटिंग थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून. मोकळीक शून्य. म्हणजे पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. हेडचे नट तीन टप्प्यांत, तिरके-समोरासमोर आवळा.

पॉइंटमधलं (स्पार्कसाठी उघडमीट करणाऱ्या टोकांमधलं) अंतर ०.३५ ते ०.४० मिमी, प्लगचं साधारण अर्धा मिमी. पॉइंटच्या खाली वेगानुसार स्पार्क पुढे नेणारी दोन वजनं असतात. ती गंजून अडकलेली असली तर गाडी एकतर किक उलट मारते, नाहीतर वेगात दम तोडते. ती हाताने फिरवून सोडली की स्प्रिंगने परत आली पाहिजेत. टायमिंग वजनं मिटलेली असताना, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी. क्रँकच्या अंशांत सांगायचं तर साधारण दहा अंश. प्लग तिरका बसतो, त्यामुळे प्लगच्या भोकातून सळई घालून मोजलेलं माप खरं नसतं आणि सळई अडकली तर वाकते. अंशांची चकती लावा, आणि पॉइंट उघडण्याचा नेमका क्षण बल्ब लावून बघा.

कार्बोरेटरचे जेट लोखंडी तारेने टोकरू नका. त्याने भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये बुडवून ठेवा, मग हवा मारा. टाकीतला गंज काढून नीट धुतल्याशिवाय नवं पेट्रोल ओतू नका, आणि आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी धरायची सवय आहे हे लक्षात ठेवून जुन्या रबरी नळ्या सरसकट बदला. क्लच, प्रायमरी चेन, अल्टरनेटर हे सगळं इंजिनाच्या डाव्या बाजूच्या एकाच डब्यात. चेनचा झोल ६ मिमी, डब्यात ४२० मिली तेल. गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस सुकून भिंतींना चिकटलेलं असतं, ते पूर्ण खरवडून काढून नवं पातळ ग्रीस भरा.

पहिल्यांदा सुरू करताना

२०डब्ल्यू-५० तेल भरा. त्यातलं काही तेल फिल्टरच्या खोलीत आणि टायमिंगच्या बाजूला आधीच ओतून ठेवा, म्हणजे पंपाला कोरडं फिरावं लागणार नाही. प्लग काढलेला ठेवून रॉकरच्या नळीचा बँजो बोल्ट (ज्याच्या आतून तेल जातं तो पोकळ बोल्ट) सैल करा आणि सावकाश किक मारत राहा. चाळीस-पन्नास किका लागतील. बोल्टाच्या फटीतून तेल पाझरलं की आवळा. ते आल्याशिवाय प्लग लावायचा नाही. रॉकरला तेल येणं म्हणजे परतीची वाट चालू. पुढची वाट चालू आहे याचा भरवसा फक्त त्या सीलवर आणि तुम्ही मोकळ्या केलेल्या भोकांवर.

आता चावी. किक हळू दाबत कॉम्प्रेशनपर्यंत जा. अँपिअर मीटरचा काटा डिस्चार्जकडे गेलेला असेल. तो मध्यावर आला की पॉइंट उघडले. डीकॉम्प्रेसर दाबून किक अगदी थोडी पुढे न्या, डीकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या, आणि मग एकच लांब, पूर्ण किक, थ्रॉटल जवळजवळ बंद ठेवून. सुरू झाल्यावर अगदी मंद आयडलवर सोडू नका. कॅम आणि बोअरला उडणारं तेल वेगावर मिळतं. थोड्या वाढीव वेगावर दोन-तीन मिनिटं, मग बंद. पूर्ण थंड होऊ द्या. हेडचे नट पुन्हा आवळा, पुशरॉड पुन्हा तपासा. गॅस्केट बसल्यावर माप बदलतं.

पहिले ५०० किलोमीटर ४०-५० च्या वेगात, पण एकाच वेगात नाही. थ्रॉटल सारखा थोडा उघडत-मिटत राहा. निफाडचा किंवा दिंडोरीचा सपाट रस्ता यासाठी चांगला. पेठकडचा सावळघाट आणि कसारा पहिल्या ८०० किलोमीटरपर्यंत टाळा. चढावर टॉप गिअरमध्ये धाप लागलेलं इंजिन ओढणं नव्या बिग एंडला वेगापेक्षा जास्त घातक असतं. आवाज अचानक घट्ट वाटला, गाडी मागे ओढल्यासारखी झाली तर त्याच क्षणी क्लच दाबा आणि कडेला उभं राहून पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

पहिलं तेल पहिल्या फेरीनंतरच, गरम असताना काढा. नंतर ३०० ला, मग ८०० ला, आणि दर दुसऱ्या वेळी नमद्याचा फिल्टर बदला. प्रत्येक वेळी ते पांढऱ्या ताटात ओतून उन्हात धरा. पहिल्या ताटात बारीक राखाडी चमक असते, ती रिंगांची. ८०० च्या ताटात ती जवळपास दिसत नाही. पितळी कण दिसले तर गाडी तिथेच उभी करा आणि टायमिंग कव्हर उघडून आधी ते सील बघा.